कायमचा क्रमांक आणि दादाचा कान

ती पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती एका नकारामुळे. मी पाचवीला भूगोल शिकवत होते. फळ्यावर नदीचा उतार काढता काढता, वर्गाकडे पाठ असतानाच, मी नेहमीसारखं विचारलं, "समजलं का?" वर्गानेही नेहमीसारखं एका सुरात "हो बाई" म्हटलं. त्या सुरातून मागे राहिल्यासारखा एक बारीक आवाज आला.

"नाही बाई. तुम्ही तिकडे तोंड करून बोललात."

वर्ग हसला. मी वळून बघितलं. दोन घट्ट वेण्या, अंगठ्याला शाई, आणि चेहऱ्यावर आगाऊपणाचा लवलेश नाही. मुलीचा कान अधू असणार असं धरून मी तिला पुढच्या बाकावर आणलं आणि वडिलांना भेटायला बोलावलं. वडील पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात ठोक्याच्या मशीनवर होते. ते दारात उभे राहून "नमस्कार बाई" म्हणाले तेव्हा शेजारच्या वर्गातलं पाढ्यांचं पठण थांबलं. मग उलगडा झाला. मुलीचे कान ठणठणीत होते, गेले होते ते वडिलांचे. त्यांच्या घरात कुणीच कुणाकडे पाठ करून बोलत नसे. बोलायचं तर समोर यायचं, तोंड दाखवायचं, मग शब्द काढायचा. जगात सगळीकडे हीच रीत असते असं तिला वाटत होतं.

तेव्हापासून मी फळ्याकडे बघत प्रश्न विचारणं सोडलं. पुढे कितीतरी वर्षं.

वडिलांच्या जागी मोठा भाऊ त्याच कारखान्यात लागला. ती शिकत राहिली, कान तपासण्याचा अभ्यासक्रम केला आणि आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात चिकटली. कानाचा विभाग लांबलचक वऱ्हांड्याच्या टोकाला आहे. तिथे एक खोली, आणि त्या खोलीत आणखी एक खोली. आतली खोली कपाटाएवढीच, भिंतींना आतून राखाडी स्पंज लावलेला. माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात वायरीच्या टोकाला एक बटण. काचेबाहेर ती यंत्रापाशी बसते आणि बारीक बारीक आवाज सोडते. ऐकू आलं की बटण दाबायचं. मग ती कागदावर खुणा करते, उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. चांगल्या कानाची रेघ वरच्या अंगाला सरळ जाते. कारखान्यातल्या माणसाची रेघ शेवटाकडे एकदम घसरते, जिन्याची पायरी चुकावी तशी.

कामगार तिला कानताई म्हणायचे. हळूहळू सगळेच म्हणू लागले, मीसुद्धा. निवृत्तीनंतर मी तिच्या गल्लीजवळच राहायला आले, तेव्हा तिचं माझ्याकडे येणं वाढलं. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "बाई, दिवसभर लोकांना 'ऐकू येतं का' विचारते. घरी येऊन आणखी एकाला कोण विचारणार?"

नोकरी सांभाळून तिने विद्यापीठात संशोधनासाठी नाव घातलं होतं. विषय अर्थात पत्रा कारखान्यातल्या कामगारांचे कान. तिने बरीच वर्षं माणसं तपासली, त्यांचे आलेख जमवले. मग मार्गदर्शक परदेशी निघून गेले आणि पदवी लोंबकळत राहिली. एका नियतकालिकाकडे लेख पाठवला, तिकडून "विचाराधीन" एवढं एकच उत्तर ठरावीक काळाने येत राहिलं. काम झालेलं होतं, पण जगाच्या लेखी नव्हतं.

अशात कारखान्यावर चौकशी समिती बसली. प्रश्न एवढाच होता, की ज्यांचा कान कायमचा आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेला आहे, त्यांना ठोक्याच्या मशीनवरून काढून आवाज नसलेल्या वेष्टन खात्यात त्याच हुद्द्यावर काम द्यायचं की नाही. कामगार संघटनेच्या सचिवांनी कानताईचं काम समितीपुढे ठेवलं. या सचिवांना सगळे भोंगा म्हणतात. आयुष्य बहिऱ्या माणसांशी बोलण्यात गेल्यामुळे ते "चहा घेतो" हेसुद्धा मोर्चापुढे सांगितल्यासारखं सांगतात. समितीने कागद परत पाठवले. अप्रकाशित टिपणं आम्ही धरत नाही, ज्याचा कायमस्वरूपी संदर्भ देता येईल असंच काही आणा, असा शेरा.

मग तिने शोधून काढलं, की विद्यापीठाच्या ग्रंथालयाने एक संग्रह सुरू केला आहे. न छापलेलं संशोधनही तिथे ठेवता येतं, आणि ठेवलं की त्याला एक क्रमांक मिळतो. डीओआय म्हणतात त्याला. मला तिने समजावलं ते असं: वेबसाइटचे पत्ते भाडेकरूसारखे असतात, आज इथे तर उद्या तिथे. हा क्रमांक मात्र जन्मभराचा. ग्रंथालयाने इमारत बदलली, संगणक बदलले, तरी तो क्रमांक टाकला की तोच कागद समोर येणार, त्याच नावाने, त्याच तारखेने.

"आणि परत घ्यायचा म्हटलं तर?" मी विचारलं.

"परत घेता येत नाही, बाई. सुधारून दुसरी आवृत्ती ठेवता येते, तिला वेगळा क्रमांक मिळतो. पण पहिली तिथेच राहते. सगळ्यांना दिसते."

"म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

"त्याच्याहून वाईट. दगड निदान फुटतो."

तिने माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. सोप्या भाषेतला सारांश मी तपासला होता. कामगारांची नावं कुठेच नव्हती, नुसते अनुक्रमांक. ग्रंथपालांनी फोनवर तिला पुन्हा सगळं वाचायला लावलं आणि म्हणाले, "ताई, बघून घ्या हं. आमच्याकडे खोडरबर नाही." तिने बटण दाबलं. थोड्या वेळाने पडद्यावर आकड्यांची आणि तिरक्या रेघेची एक ओळ उमटली. ती कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. भोंग्याने तो क्रमांक त्याच दिवशी समितीला पाठवला आणि फोनवर मला एवढ्या मोठ्याने बातमी दिली, की फोन टेबलावर ठेवूनही मला ऐकू आली.

त्या आनंदात दादाच्या घरी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं होतं. दादा म्हणजे तिचा भाऊ. शांत, रुंद खांद्यांचा, बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघणारा माणूस. त्याचा कान गेला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कानताईच्या यादीत मर्यादेपलीकडे गेलेल्यांत त्याचाही अनुक्रमांक होता. वहिनीने तर मनातल्या मनात त्याला वेष्टन खात्यात बसवूनही टाकलं होतं. तिथे खुर्ची असते, पंखा असतो आणि माणूस संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्याशी बोलता येतं, असं ती मला वाढता वाढता सांगत होती.

मी दादाला विचारलं, आणखी भात घेणार का. तो वहिनीकडे बघत होता, त्याने मान हलवली. मी वाढला. त्याने चमकून ताटाकडे बघितलं.

वहिनी हसायला लागली. "बाई, यांच्या मानेवर जाऊ नका. ऐकू आलं नाही की हे हो म्हणतात. सगळी पाळीच तसली. परत परत 'काय, काय' विचारायची लाज वाटते ना. मागे एकदा मी मुद्दाम पाठीमागून विचारलं, अहो, मी कायमची माहेरी जाऊ का? तर मान हलवली यांनी. वर म्हणाले, लवकर ये."

सगळे हसले. दादाही हसला, कशाला ते न कळता. कानताई हसली नाही. तिच्या हातातला पाण्याचा पेला तोंडापर्यंत गेला आणि तसाच खाली आला.

ती उठून दादाच्या अगदी समोर जाऊन बसली आणि एकेक शब्द तोंडाने कोरत तिने विचारलं, "दादा, तू रात्रपाळीची माणसं तपासायला आणलीस, तेव्हा आदल्या दिवशी त्यांची सुट्टी होती ना?"

"सुट्टी?" दादा म्हणाला. "छे. सुट्टीच्या दिवशी कोण येतंय? पाळी सुटली की गेटवरूनच गोळा करायचो. आंघोळी करून, भांग पाडून, थेट तुझ्याकडे. म्हटलं तुझं काम लवकर उरकेल."

मला त्यातलं काही कळलं नाही. तिने घरी परतताना सांगितलं. कान दमतो. रात्रभर ठोके ऐकलेला माणूस सकाळी तपासला तर तो खरा आहे त्याहून बहिरा निघतो. एक दिवस शांततेत गेला की त्यातलं काही परत येतं. जे परत येत नाही तेच कायमचं. म्हणून तपासणीच्या आधी विश्रांती हवीच, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. आणि तिने तो पाळला होता, म्हणजे तिला तसं वाटत होतं. प्रत्येकाला तिने विचारलं होतं, काल सुट्टी होती ना. प्रत्येकाने मान हलवली होती.

"मी कधी विचारायचे, माहितेय बाई?" ती चालता चालता थांबली. "हेडफोनची वायर लावताना. खाली बघून."

आम्हा दोघींनाही तो भूगोलाचा तास आठवला असणार.

चूक कळली, पण ती अशा जागी होती की जिथे हात पोचत नाही. क्रमांक समितीकडे गेलेला. सुनावणी पुढच्याच आठवड्यात. दिवसपाळीची माणसं सुट्टीनंतरच्या सकाळी, कामावर जायच्या आधीच तपासलेली होती, त्यांचे आकडे बरोबर. रात्रपाळीचे सगळे संशयित. आणि दादा रात्रपाळीचा.

तिने भोंग्याला माझ्याकडेच बोलावलं. भोंगा आले, ऐकलं आणि मी त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं. म्हणाले, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"बाईंना. आता तुम्हाला."

"मग झालं. या कानाचं त्या कानाला कळायला नको."

ती नाही म्हणाली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही चूक म्हणू शकत नाही. त्यांचं म्हणणं असं, की निम्म्याहून जास्त माणसं खरोखर बहिरी आहेत, यात शंका नाही. कंपनीचा वकील एक भोक शोधतो आहे. तू स्वतःच चूक झाली म्हणालीस, की तो त्या एका भोकातून सगळी यादी ओढून बाहेर काढेल. दिवसपाळीची माणसंही जातील. तुझा खरेपणा त्यांच्या कानांवर उठेल. सुनावणी होऊन जाऊ दे, मग काढ तुझी दुसरी आवृत्ती, तिसरी काढ, कोण अडवतंय.

"आणि दादाचं काय?" शेवटी ते म्हणाले. "तू बहीण आहेस का कोण?"

ती नखाने टेबलावरचा वाळलेला चहाचा डाग खरवडत होती. डाग निघाला तेव्हा म्हणाली, "आधी परत तपासते. कदाचित काहीच फरक पडणार नाही."

रात्रपाळीची साप्ताहिक सुट्टी सुनावणीच्या आधी एकदाच येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळीवर जायच्या आधी, सगळ्यांना तपासायचं तर दवाखाना उघडा हवा, आणि तो दिवस दवाखान्याच्या सुट्टीचा. ती मोठ्या डॉक्टरांकडे किल्ली मागायला गेली. सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी किल्ली दिली आणि म्हणाले की मला यातलं काही माहीत नाही. त्यांनी अक्षरशः कानांवर हात ठेवले. कानाच्या डॉक्टरला ते शोभूनही दिसलं, असं ती मला नंतर म्हणाली. त्या आठवड्यातला तिचा तेवढा एकच विनोद.

त्या सकाळी मी गेले होते. वऱ्हांड्यातल्या लाकडी बाकांवर माणसं ओळीने बसली होती, कुणी बोलत नव्हतं. भोंगा आदल्या दिवशी त्यांच्या घरोघर जाऊन आले होते, आणि काय सांगून आले असतील ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. बटण सावकाश दाबा. घाई कशाला.

कानताईने प्रत्येकाला समोर बसवलं. पाटीएवढ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहिला होता: काल दिवसभर कुठे होता? मान हलवून भागणार नव्हतं. "घरी झोपलो होतो", "सासऱ्याकडे", "छपराचं काम केलं". छपराचं काम करणाऱ्याला तिने हातोडा होता का विचारलं आणि परत पाठवलं.

दादाचा नंबर शेवटी आला. वहिनी माझ्याशेजारी बसली होती. दार उघडं होतं, आम्हाला आतलं सगळं दिसत होतं. दादा बटण हातात घेऊन बहिणीच्या तोंडाकडे बघत होता.

"उशिरा दाबलं तर?" त्याने विचारलं.

"एकदा उशीर करता येतो, दादा. पण दर वेळी तेवढाच उशीर कुणालाच करता येत नाही."

"म्हणजे तुला कळणार."

"मला कळणार."

"मग काय करशील?"

"काहीच नाही. तुझी तपासणी झाली नाही, असं लिहीन."

त्याने बटणाची वायर सरळ केली. मग "लहानपणी लपाछपीतसुद्धा तू अशीच होतीस" म्हणाला आणि आत जाऊन त्याने स्वतःच हेडफोन चढवला.

मला यंत्रातला आवाज ऐकू येत नव्हता, नुसता बटण दाबलं की लागणारा लहानसा हिरवा दिवा दिसत होता. आधी डावा कान. दिवा बराच वेळ लागायचा नाही, मग लागायचा. तिचा हात निळ्या फुल्या काढत खाली खाली जात होता. वहिनीने माझं मनगट धरलं होतं. मग उजवा कान. दिवा लागला. ती आवाज कमी करायची, दिवा लागायचा. आणखी कमी करायची. आता नाही लागणार असं मला वाटायचं, वहिनीची बोटं आवळायची आणि दिवा लागायचा. काचेपलीकडे दादाने डोळे मिटले होते. एकेक ठिपक्यासाठी सगळं अंग कानात आणून तो ऐकत होता. इतक्या लक्षपूर्वक ऐकणारा विद्यार्थी मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिला नाही.

लाल गोल वर राहिले. समितीचा नियम असा होता, की दोन्हींतला चांगला कान धरायचा. दादाचा डावा कान खरोखर गेला होता. उजवा फक्त दमला होता.

तिने पेन खाली ठेवलं. वहिनीला आलेख वाचता येत नव्हता, नणंदेचा चेहरा येत होता. ती उठून दारात गेली.

"हे कागद राहू देत की घरीच," ती म्हणाली. "कुणी मागितलेत? यांचा उरलेला कान जाईपर्यंत थांबायचं का आता?" कानताईने आलेखावर तारीख घातली. मग वहिनी हळूच म्हणाली, "यंत्राला भाऊ नसतो. तुम्हाला आहे ना, वन्सं?"

त्यानंतर तिने अबोला धरला.

रात्रपाळीतल्या काहींचा कान पहिल्या तपासणीत होता तसाच राहिला, काहींचा थोडा सुधारला, दादासारखे काही मर्यादेच्या अलीकडे आले. दुसऱ्या आवृत्तीचा सारांश आम्ही माझ्याच टेबलावर लिहिला. मी सुचवलं, "अनवधानाने" असा शब्द घालू. तिने तो खोडला. अनवधानाने म्हटलं की चूक कुणाचीच राहत नाही, म्हणाली. पहिलं वाक्य तिने असं ठेवलं: रात्रपाळीच्या कामगारांची पहिली तपासणी विश्रांतीनंतर झाली होती की नाही, याची खात्री मी नीट केली नाही.

पाठवण्याआधी ती बसून राहिली. मी चहा केला, तो निवला, परत गरम केला. वाहत्या नळाचा आवाज येत होता तो तिने उठून बंद केला. मी तिला काही सांगितलं नाही. भोंग्याचं म्हणणं माझ्या डोक्यात होतं, वहिनीचंही. दोन्ही खोटी नव्हती. शेवटी तिने बटण दाबलं आणि नवा क्रमांक आला. ग्रंथपालांचा फोन आला, की पहिली आवृत्ती काढता येणार नाही, हे ठाऊक आहे ना. काढायची नाहीच, ती म्हणाली, आणि दोन्ही क्रमांक समितीला कळवले. मग आत जाऊन तिने तोंड धुतलं.

सुनावणीला ती मला बरोबर घेऊन गेली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर घड्याळ. समितीवर तिघे होते. भोंगा एका कोपऱ्यात दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते. कंपनीचा वकील सभ्य माणूस होता, आवाज चढवत नव्हता, त्यामुळेच भीती वाटत होती. त्याने दोन्ही आवृत्त्या छापून आणल्या होत्या आणि जिथे जिथे आकडे बदलले तिथे पिवळी खूण केली होती. पानं पिवळीधमक दिसत होती.

"पहिली आवृत्ती तुम्हीच केली?"

"हो."

"तीसुद्धा तुम्ही बरोबर समजून ठेवली होती?"

"हो."

"मग दुसरीत चूक नाही कशावरून?"

मला वाटलं ती यंत्राबद्दल, नियमाबद्दल काही सांगेल. ती त्या वकिलाकडे नीट वळून, समोर तोंड करून म्हणाली, "तसं सांगता येणार नाही. असेलही. सापडली तर तिसरी निघेल, आणि दुसरी तिथेच राहील."

वकिलाने मान डोलावली आणि समितीकडे वळून म्हणाला की माझं एवढंच म्हणणं होतं. भोंग्याने डोळे मिटून घेतले. समितीच्या अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते कळायला मार्ग नव्हता.

निकाल यायला खूप वेळ लागला. त्या काळात वहिनी रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूला जायची. दादा येऊन माझ्याकडे बहिणीची चौकशी करून जायचा, तिच्याकडे जायचा नाही. कारखान्यात तिला बघून ओळखीने माना हलेनाशा झाल्या. भोंगा मात्र फोन करायचे, मोठ्याने, म्हणजे त्यांचा राग गेला होता.

निकाल आला तो असा: दुसऱ्या आवृत्तीतली मर्यादेपलीकडची सगळी माणसं वेष्टन खात्यात जातील. बाकीच्यांना कान झाकायची साधनं आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. पहिल्या आवृत्तीबद्दल निकालात एक ओळही नव्हती. समितीला कानताईचं म्हणणं पटलं, की नुसतं कंपनीचं काम चालू राहावं म्हणून मधला मार्ग काढला, ते मला माहीत नाही आणि तिलाही नाही. वेष्टन खात्यात गेलेल्या एकाने तिला पेढे द्यावेत तसा एक कोरा करकरीत पत्र्याचा डबा आणून दिला. त्यात ती आता पेनं ठेवते.

दादा ठोक्याच्या मशीनवरच राहिला.

पुढच्या तपासणीची वेळ आली तेव्हा कानताईच्या फोनवर वहिनीचा निरोप आला. खूप दिवसांनी आलेला, आणि त्यात खुशाली वगैरे काही नाही. "उद्या यांना सुट्टी आहे. घरात रेडिओसुद्धा लावणार नाही. परवा सकाळी आणते." तिने तो मला दाखवला. मी वाचून फोन परत दिला, ती तो हातात धरून बसली.

या वर्षी तिसरी आवृत्ती निघाली, तिला तिचा क्रमांक मिळाला. नियतकालिकाकडून अजून "विचाराधीन" येतंच असतं. तिसऱ्या आवृत्तीत नावं नाहीत, पण दादाचा अनुक्रमांक मला पाठ झाला आहे. डावा आणखी थोडा खाली गेला आहे, उजवा आहे तिथेच आहे. आठवड्यातून एकदा ती त्यांच्याकडे जेवायला जाते आणि दादाच्या उजव्या बाजूला बसते.